सफाईवाल्या बेनना सुई टोचली: आज काय करायचं आणि नियम काय सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात चौदा खाटांचं नर्सिंग होम आहे आणि त्याचा कारभार तुम्ही पाहता. सोमवारी संध्याकाळी सफाईवाल्या बेन लाल पिशवीची गाठ मारत होत्या, तेव्हा आतली सुई त्यांच्या तळहातात गेली. सिस्टरनी हात धुऊन दिला, टिटॅनसचं इंजेक्शन दिलं आणि दोन दिवस घरी पाठवलं. आज शुक्रवार. बेन कंत्राटदाराच्या, आणि कंत्राटदार म्हणतो, "अमारी जवाबदारी नथी." तुम्हाला विचारायचंय की यावर गुजरात सरकारचा नियम कोणता, फॉर्म कुठला भरायचा आणि जे केलं ते पुरेसं आहे का. शिवाय कॅलिफोर्नियात नर्स असलेल्या तुमच्या भाचीने सांगितलं की तिकडे अशा प्रत्येक सुईची नोंदवही असते. आपल्याकडे तसं काही आहे का?

जे केलं ते पुरेसं नाही. फॉर्मचं आपण नंतर बघू. हे वाचून झालं की आधी बेनना फोन करा.

तुमच्या हातात अजून थोडा वेळ आहे, पण तो फक्त एका रोगापुरता. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू करावी लागतात. ती मुदत गुरुवारी संध्याकाळी संपली. कावीळ-बी मात्र अजून अडवता येते. बेनना लस मिळालेली नसेल, तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळतं, हिपॅटायटिस-बी इम्युनोग्लोब्युलिन. ते २४ तासांत दिलेलं उत्तम, पण सुई टोचल्यापासून सात दिवसांपर्यंत देता येतं. त्याच दिवशी दुसऱ्या दंडात लसीचा पहिला डोस द्यायचा. हे इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि प्रत्येक मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही. म्हणून बेन यायच्या आत चार ठिकाणी फोन फिरवा. सरकारी सयाजी हॉस्पिटलमध्येही चौकशी करा. सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण त्यात येतं.

"त्यांना लहानपणी लस दिली असेल," असं गृहीत धरू नका. बाळांच्या सरकारी लसीकरणात कावीळ-बी देशभर आली ती २०११ च्या सुमारास. चाळिशीच्या बाईला ती कुणी मुद्दाम दिली असेल तरच मिळालेली असणार.

सोबत आजच रक्त घ्या. कावीळ-बी, कावीळ-सी आणि एचआयव्ही या तिन्ही तपासण्या करायच्या, त्यांची संमती घेऊन आणि तुमच्या खर्चाने. चार दिवसांत नवा संसर्ग रक्तात दिसत नाही. मग तपासायचं कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. सोमवारपूर्वी बेन निरोगी होत्या हे पांढऱ्यावर काळं करण्यासाठीच तपासायचं. उद्या काही निघालं आणि आजचा रिपोर्ट नसला, तर "हे आधीपासूनच होतं" म्हणायला सगळे मोकळे. तो कागद बेनच्या बाजूचा आहे. त्याची एक प्रत त्यांच्या हातात द्या, फाइलमध्ये लावून ठेवू नका.

धोका किती, तेही त्यांना नीट सांगा, आणि एकट्यात सांगा. सुई एचआयव्ही असलेल्या माणसाची असेल तर संसर्ग होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. कावीळ-सीची शंभरात दोनपेक्षा कमी. कावीळ-बीची मात्र, लस नसलेल्या माणसाला, शंभरात सहापासून तीसपर्यंत. एचआयव्हीची भीती सगळ्यांना वाटते आणि कावीळ-बीकडे कुणी बघत नाही. खरं तर हा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस तग धरतो. एचआयव्हीची तपासणी सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी पुन्हा करायची. तोवर निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. हे शेवटचं वाक्य बोलायला तुमच्याकडची सगळ्यात समजूतदार बाई निवडा. मी अशा घरात नवऱ्याने बायकोला बाहेर काढलेलं पाहिलंय, तेही रिपोर्ट निगेटिव्ह असताना. कावीळ-सीवर लस नाही, पण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ती बहुतेकांची बरी होते, आणि ते औषध सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतं.

पिशवीतली सुई कुणाची ते आता कळणार नाही. ती सुई तपासायला पाठवायचा प्रयत्न करू नका, त्यातून काही निष्पन्न होत नाही. पुढे कधी रुग्ण माहीत असताना असं झालं तर त्याचं रक्त त्याला विचारूनच तपासायचं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही आणि रिपोर्ट चारचौघांत वाचायचा नाही, असं तो सांगतो. त्याच कायद्याने दवाखान्यांवर तीन कामं टाकली आहेत: कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं द्यायची, प्रशिक्षण द्यायचं आणि कामावर संसर्गाचा प्रसंग आला तर प्रतिबंधक औषधं मिळवून द्यायची. सोमवारी संध्याकाळी नेमकं हे तिसरं काम राहिलं. दोष एकट्या सिस्टरचा नाही. रात्री आठ वाजता कुठे जायचं हे भिंतीवर लिहिलेलं नसेल तर ती तरी काय करणार? सयाजी हॉस्पिटलमध्ये एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र आहे, आणि ते बंद असेल तेव्हा तिथलं कॅज्युअल्टी गाठायचं. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७. नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर एवढं मोठ्या अक्षरांत लावा, गुजरातीत आणि मराठीत.

आता नियमाकडे वळू.

"गुजरात सरकारचा संसर्ग-प्रतिबंधाचा नियम" असं एका जिल्दीत बांधलेलं काही शोधत बसू नका. आपल्याकडे हा विषय चार कायद्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला आहे. १९६३ चे गुजरात कारखाने नियम मकरपुऱ्याच्या, नंदेसरीच्या कारखान्यांसाठी लिहिलेले. तुमच्या नर्सिंग होमला खरा लागू पडतो तो केंद्राचा २८ मार्च २०१६ चा जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, आणि त्याची अंमलबजावणी राज्यात गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. नावात कचरा असल्यामुळे आपण तो पिशव्यांच्या रंगापुरताच वाचतो. पण त्यात मालकाच्या कर्तव्यांची लांबलचक यादी आहे, आणि तिचा मोठा भाग माणसांविषयी आहे. कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. कामावर घेताना आणि नंतर दर वर्षी निदान एकदा आरोग्य तपासणी करून नोंद ठेवायची. प्रशिक्षणही तसंच, आधी एकदा आणि मग दर वर्षी. हातमोजे, मास्क, बूट द्यायचे.

हे सगळं कुणासाठी? नियमातले शब्द आहेत "आरोग्य कर्मचारी आणि कचरा हाताळणारे इतर". तुमच्या कंत्राटदाराशी वाद घालायला या "इतर" शब्दाइतकं बळकट दुसरं काही नाही. पगार कोण देतं हे नियम विचारत नाही, पिशवी कोण उचलतं हे विचारतो. बेन तुमच्या मजल्यावरची पिशवी उचलत होत्या, म्हणून त्यांची लस तुमच्याकडे. गेल्या वीस वर्षांत मी जितक्या लस-नोंदवह्या तपासल्या, त्यांतल्या बहुतेकांत डॉक्टर होते, सिस्टर होत्या, लॅबवाला होता, कधीकधी हिशेबनीससुद्धा होता. सफाईवाल्या बेन नसायच्या. ज्याच्या हाताला सगळ्यात जास्त सुया लागतात त्याचंच नाव गाळलेलं.

फॉर्मबद्दल. बरेच जण घाबरून फॉर्म-एक भरायला धावतात. तो गंभीर अपघातांसाठी आहे, म्हणजे कचऱ्याची गाडी उलटली, कचरा नदीनाल्यात गेला, आग लागली, स्फोट झाला असं काही. गंभीर अपघाताच्या व्याख्येतून सुई टोचणं स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. म्हणून २४ तासांत मंडळाला लेखी कळवायची अट तुम्हाला लागू नाही. पण हे वगळणं म्हणजे विसरायची परवानगी नव्हे. बाकीचे सगळे अपघात आणि त्यावर काय केलं ते फॉर्म-चारमध्ये, म्हणजे वार्षिक अहवालात लिहायचं असतं, दर वर्षी ३० जूनपर्यंत. तिथे वर्षानुवर्षं "शून्य" लिहिणारी नर्सिंग होम्स मला माहीत आहेत. चौदा खाटा, रोज पन्नास-साठ इंजेक्शनं आणि वर्षात एकही सुई टोचली नाही? असं शून्य दिसलं की मला वाटतं, तिथे टोचते, फक्त कुणी सांगत नाही. नोंदी पाच वर्षं सांभाळून ठेवायच्या. तीस खाटांच्या आत असल्यामुळे तुम्हाला कचरा व्यवस्थापनाची समिती लागत नाही, पण एक पात्र व्यक्ती नेमून तिच्यावर ही जबाबदारी सोपवावी लागते. ती व्यक्ती कोण, हे तुमच्या पत्रात कुठेच नव्हतं.

भरपाईचं असं. आरोग्यसेवेत किंवा प्रयोगशाळेत कामामुळे लागलेला संसर्गजन्य रोग हा व्यावसायिक रोग, हे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पहिल्याच ओळीला होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, तेव्हा तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण ही तरतूद तिथेही आहे. मूळ मालकाने, म्हणजे इथे तुमच्या नर्सिंग होमने, आधी भरपाई द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची, हेही जुनंच तत्त्व आहे. तेव्हा "अमारी जवाबदारी नथी" हे कंत्राटदाराने म्हटलं तरी तुम्ही म्हणू शकत नाही. बेनचं ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड आहे का, ते आजच बघा. असेल तर अपघाताची खबर तिकडे द्या. नसेल तर का नाही हे कंत्राटदाराला लेखी विचारा. दहा किंवा जास्त कामगार असतील तर नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेप्रमाणे प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावं लागतं. बेनकडे ते असण्याची शक्यता मला कमीच वाटते.

इतकं सगळं झालं, तरी लाल पिशवीत सुई आलीच कशी हा प्रश्न राहतो.

लाल पिशवी प्लॅस्टिकसाठी, म्हणजे सलाइनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज, कॅथेटर. सुया, ब्लेड, लॅन्सेट जातात पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. हे तुमच्या सिस्टरना माहीत आहे, विचारलंत तर पाठ म्हणून दाखवतील. मग सुई लाल पिशवीत का गेली? काही वर्षांपूर्वी याच शहरात एका नर्सिंग होममध्ये असाच प्रकार झाला होता आणि त्यांनी मला बोलावलं होतं. मी दिवसभर एका सिस्टरच्या मागे फिरले. पांढरा डबा नर्सिंग स्टेशनच्या फळीवर, रजिस्टरांच्या शेजारी, स्वच्छ पुसून ठेवलेला. सगळ्यात लांबची खाट त्या डब्यापासून सत्तावीस पावलांवर. मी मोजली. सिस्टर इंजेक्शन देणार, सुई किडनी ट्रेमध्ये ठेवणार, वर कापूस टाकणार. पुढच्या खाटेवरचा नातेवाईक म्हणणार, "सिस्टर, बाटलो पूरो थई गयो." ती बाटली बदलायला जाणार. सहा खाटा झाल्यावर ट्रेमध्ये कापसाच्या ढिगाखाली चार सुया. मग ट्रे रिकामा करताना कापूस पिवळ्या पिशवीत, सिरिंज लालमध्ये, आणि घाईत एखादी सुई कुठेही. त्यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. सगळा घोळ त्या सत्तावीस पावलांचा होता.

उपाय दोनशे रुपयांचा निघाला. डबा ट्रॉलीला तारेने बांधला. सुई दंडातून निघाली की हात न बदलता डब्यात. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा, वरून दाबून जागा करायची नाही. नीडल कटरचं पातं बोथट झालं की ते सुई कापत नाही, नुसती वाकवते, आणि वाकलेली सुई सरळ सुईपेक्षा वाईट. सगळ्यात जास्त लक्ष इंट्राकॅथच्या आतल्या सुईवर ठेवा. शिरेत नळी घातल्यावर ती बाहेर निघते तेव्हा पोकळ असते आणि रक्ताने भरलेली असते. त्याच क्षणी सिस्टरचे दोन्ही हात नळी चिकटवण्यात गुंतलेले असतात. ती सुई चादरीवर ठेवली जाते आणि चादरीबरोबर गुंडाळली जाते. नंतर धुणं करणाऱ्याला ती सापडते, बोटात. दुसऱ्या नंबरला शुगर तपासायची लॅन्सेट. ती इतकी बारीक की कुणाला ती सुई वाटतच नाही.

सुईला टोपण परत घालायची सवय अजून गेलेली नाही. मी स्वतः १९९१ साली, रात्रपाळीत, पहाटे चारच्या सुमारास तेच करत होते. सुई डाव्या तर्जनीत गेली. वॉर्डाच्या सिस्टर म्हणाल्या, "धू, चोखू नकोस," आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. नोंद कुणी केली नाही, मीही मागितली नाही. तीन महिन्यांनी दांडिया बाजारातल्या एका लॅबमध्ये स्वतःच्या पैशाने कावीळ तपासून घेतली आणि रिपोर्ट येईपर्यंत घरी कुणाला सांगितलं नाही. म्हणून सांगते, माणूस सांगत नाही तेव्हा त्याला फिकीर नसते असं नाही. सांगितल्यावर ओरडा मिळेल किंवा काम जाईल, ही भीती असते. तुमच्या बेननी सांगितलं. त्याबद्दल त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले असतील तर आधी ते परत करा, नाहीतर पुढची सुई तुम्हाला कळणारच नाही.

धुण्याबद्दल एक. टोचल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. दाबून रक्त काढायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचं.

आता भाचीच्या नोंदवहीचं. तिने सांगितलं ते खरं आहे. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने आधी कायदा केला, मग २००० साली सगळ्या अमेरिकेसाठी झाला. त्या वहीत कुणाला टोचली यापेक्षा कुठली सुई, कुठल्या कंपनीची, कुठल्या जागी आणि काय करताना हे महत्त्वाचं मानतात. माणसाचं नाव गुप्त ठेवतात. आपला नियम इतकं मागत नाही, पण अशी वही ठेवायला कुणी मना केलेलं नाही. साठ रुपयांची लांब वही घ्या. पहिली नोंद सोमवारची करा: लाल पिशवी, गाठ मारताना, उजवा किंवा डावा तळहात, हातमोजे होते की नव्हते, असल्यास कसले. तपासणीचे पातळ हातमोजे कचऱ्यासाठी नसतात, जाड रबरी लागतात. तेही सुई पूर्ण अडवत नाहीत, पण आत जाताना सुईवरचं बरंचसं रक्त पुसून घेतात. पिशवी मांडीला टेकवून न्यायची नाही आणि हाताने दाबायची नाही, हे बेनना स्वतः करून दाखवा.

कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठीही कामाच्या जागेचा वेगळा नियम केला. तुम्ही हे विचारलं नाहीत, तरी तुमच्या ओपीडीची खोली मी पाहिली आहे, म्हणून बोलते. एसी लावल्यापासून खिडक्या बंद आणि तिथेच खोकणारे रुग्ण तासभर बसलेले. तो एसी तीच हवा फिरवत राहतो. टीबीचा धोका तिथे सगळ्यात जास्त कुणाला? केसपेपर लिहिणाऱ्या मुलीला, कारण ती आठ तास तिथेच असते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, पंखा असा लावा की हवा तिच्याकडून रुग्णांकडे आणि तिथून बाहेर जाईल, खोकणाऱ्याला मास्क द्या आणि आधी आत घ्या.

हायपोक्लोराइटचंही, म्हणजे जंतुनाशक द्रावणाचंही, बघून घ्या. पाच टक्क्यांचा कॅन असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी, म्हणजे एक टक्का होतं. ते रोज ताजं करायचं. वडोदऱ्याच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेला उघडा कॅन काही आठवड्यांत नुसता वासापुरता उरतो.

आणि सुया काटेकोरपणे नष्ट का करायच्या, असं कंत्राटदार कधी म्हणालाच तर त्याला मोडासाची आठवण करून द्या. २००९ मध्ये तिथे, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात, वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्यामुळे कावीळ-बीची साथ आली आणि कितीतरी माणसं गेली. इथून फार लांब नाही ते.

बेनच्या लसीचा दुसरा डोस आजपासून एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडं मोजून घ्या, आकडा दहाच्या वर हवा. तोवर कंत्राट बदललं आणि बेन दुसरीकडे कामाला गेल्या, तरी डोस तुम्हीच द्यायचे. त्यांचा मोबाइल नंबर कंत्राटदाराकडून नको, त्यांच्याकडूनच घेऊन ठेवा.